नको म्हणणारे पाहुणे

"बाहेर! एक तर ते कपाट बाहेर, नाहीतर हा म्हातारा बाहेर! दोघांपैकी एक जण आज माझ्या दारातून बाहेर जाणार म्हणजे जाणार!"

ओरडणारी बाई म्हणजे फ्राउ हुबर. म्युनिकच्या उत्तरेला, उंटरश्लाइसहाइमच्या जरा पुढे एक खेडं लागतं, तिथल्या खानावळीची मालकीण. तिच्या आवाजानं काउंटरमागच्या ग्लासांना तडे गेलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. तीन ग्लास. चौथा आधीच फुटका होता, तो मी धरत नाही.

ती ज्याला कपाट म्हणत होती ते माझं मशीन होतं. माणसाच्या उंचीचं, समोर पडदा, एक दांडी आणि एक लाल बटण. नाणं टाका आणि खेळा. आणि म्हातारा म्हणजे हेर वीझिंगर. हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे. दुपारी दोन वाजता त्यांनी पन्नास सेंटचं एक नाणं टाकलं होतं. आता पाच वाजले होते. ते अजून त्याच नाण्यावर खेळत होते.

खेळत होते म्हणणंसुद्धा अतिशयोक्ती झाली. ते उभे होते. पडद्यावर बारा पाहुणे लांबलचक टेबलाशी बसलेले, प्रत्येकाचा हात ताटावर आडवा, आणि वाढपी पळी धरून एका कडेला गप्प.

"तीन तास तुम्ही करताय तरी काय, हेर वीझिंगर?"

"वाट बघतोय."

"कसली?"

"यांना परत भूक लागायची."

मी कोपऱ्यातल्या टेबलावर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो होतो आणि घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता. कारण तो खेळ मी बनवला होता, आणि तो असा कधीच, कुठल्याही परिस्थितीत, तीन तास चालायला नको होता.

आता हा धंदा काय आहे ते सांगतो. लोकांना वाटतं, व्हिडिओ गेम बनवणारा माणूस गंमत बनवतो. छे! नाण्यावर चालणारा खेळ बनवणारा माणूस मरण बनवतो. घरी खेळायचा खेळ एकदा विकला की सुटलात. खानावळीतल्या मशीनला दर दोन मिनिटांनी नवं नाणं हवं, म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी मेलं पाहिजे. पण नुसतं मारून भागत नाही. मी हे पुण्यात शिकलो. एका सिनेमागृहाच्या मागच्या बोळात चंदूशेठचं व्हिडिओ पार्लर होतं, आणि परदेशातून खोक्यांत भरून आलेली मशीनं दुरुस्त करायला मी तिथे होतो. मशीन दुरुस्त करता करता मी त्यांच्या चिपमधले आकडे बदलायला लागलो. इकडच्या राक्षसाचा वेग जरा वाढव, तिकडच्या विमानाची गोळी जरा लवकर सोड. एकदा मी एका राक्षसाचा वेग सहाचा सात केला आणि त्या वर्षी पुण्यातल्या तीन कॉलेजांचा निकाल घसरला. पुरावा माझ्याकडे नाही, पण कॉलेजांनी कधी इन्कारही केलेला नाही.

चंदूशेठ म्हणायचे, "पोरगं मेलं पाहिजे. पण मरताना त्यानं शिवी मशीनला घालता कामा नये, स्वतःला घातली पाहिजे. मशीनला घातली तर ते समोरच्या पार्लरात जातं. स्वतःला घातली तर परत खिशात हात घालतं."

तिथे बँकेतले एक कारकून जेवणाच्या सुट्टीत यायचे. डबा बाजूला ठेवायचे, बूट काढायचे, मशीनला नमस्कार करायचे आणि खेळायचे. मेले की मोठ्यानं म्हणायचे, "चुकलंच आपलं." आयुष्यभर मी ज्यांच्यासाठी खेळ बनवले ते गिऱ्हाईक म्हणजे हे गृहस्थ. पुढे त्यांची बदली झाली आणि मशीनसुद्धा आठवडाभर नीट चालेना.

जर्मनीनं कॉम्प्युटरवाल्यांना बोलवायला सुरुवात केली तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. खानावळींसाठी मशीनं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं. मालक डॉक्टर केसलर, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"तुम्ही आजवर काय केलंत, हेर परान्यापे?" माझं आडनाव परांजपे, पण तिकडे 'ज'चा 'य' होतो, आणि पहिल्याच दिवशी वाद कशाला घाला?

"निम्मं पुणं मारलंय," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. जर्मन माणूस वहीत लिहून घेतो तेव्हा समजावं, नोकरी लागली.

कंपनीत बाकीचे लोक पत्त्यांचे आणि प्रश्नमंजूषेचे खेळ बनवायचे. मला माझा स्वतःचा खेळ हवा होता. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जनावरांची नखं वाढवत आलो होतो, माझ्या दावणीला माझं असं एकही नव्हतं. दोन वर्षं मागे लागलो तेव्हा केसलर एकदाचे हो म्हणाले आणि मी 'नाखश्लाग' बनवला. नाखश्लाग म्हणजे ताटात दुसऱ्यांदा पडतं ते, आपलं 'आणखी थोडं घ्या'.

खेळ साधा. लाकडी टेबल, बारा बव्हेरियन पाहुणे, समोर मोठमोठी ताटं. आपण वाढपी. दांडीनं टेबलाच्या कडेनं पळायचं, बटण दाबलं की पळीतून क्नॉडेल, म्हणजे बटाट्याचा लाडवाएवढा गोळा, आणि रस्सा ताटात. ताट रिकामं राहिलं तर पाहुणा रागावून उठतो. तीन पाहुणे उठले की खेळ संपला. टोप्या आणि मिशा बव्हेरियाच्या, पण आतून ती आपली पंगतच होती हो! आणि पंगतीचा प्राण काय? आग्रह. म्हणून मी त्यात पाहुण्यांचा 'नको' घातला. पाहुणा मधूनच ताटावर हात धरतो. वाढप्यानं तो हात चुकवून, बोटांच्या फटीतून, शिताफीनं गोळा ताटात टाकायचा. टाकला की बक्षिसाचे गुण. आणि प्रत्येक आग्रहानं सगळ्या पंगतीचा खाण्याचा वेग वाढतो, वाढप्याची तारांबळ उडते, दीड-दोन मिनिटांत तीन पाहुणे उठतात. वा! आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि बायको सुलभानं, घरी शंभर वेळा खेळून पाहिला. शंभर वेळा दोन मिनिटांत मेलो.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नव्हती. त्यासाठी वीझिंगर यावे लागले.

नवं मशीन बाजारात काढण्याआधी ते काही आठवडे एखाद्या खानावळीत ठेवतात आणि बनवणारा माणूस गिऱ्हाईक बनून तिथे बसतो. लोक कसे खेळतात, कुठे चिडतात, कुठे हसतात ते बघतो. आपण कोण ते सांगायचं नाही. जर्मनीतला माझा सगळ्यात अवघड अभिनय हाच. पण फ्राउ हुबरनं त्या दिवशी थेट कंपनीला फोन लावला, आणि मला वर्तमानपत्र खाली ठेवून उठावं लागलं. वीझिंगरांच्या शेजारी जाऊन अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "या लोकांना वाढत का नाही तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाहुण्याचा खिसा कापायला निघालोय.

"तो नको म्हणाला," ते म्हणाले.

मी तिथेच बाकावर बसलो. तो नको म्हणाला! म्हणून त्यांनी वाढलं नाही. आग्रह नाही म्हणून वेग नाही, वेग नाही म्हणून कुणी उपाशी नाही, कुणी उठत नाही. बरं, पोट भरलेल्या पाहुण्यानं उठून घरी जावं, एवढंसुद्धा मी खेळात घातलं नव्हतं, कारण पोट भरेल इथवर कुणी पोचेल असं मला वाटलंच नव्हतं. तासाभरानं एखाद्याला थोडी भूक लागायची, वीझिंगर त्याला एक गोळा वाढायचे, तो हात आडवा धरायचा, की परत शांतता. आणि ते एकटेच नव्हेत. ट्रॅक्टरवाले, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळे असेच खेळत होते. अख्ख्या बव्हेरियात ताटावरचा हात ओलांडणारा एक माणूस मला मिळाला नाही. एक मिळाला, पण तो हंगेरीचा ड्रायव्हर निघाला.

डॉक्टर केसलरांनी मला ऑफिसात बोलावलं. दरवाजा लावून घेतला.

"हेर परान्यापे, तुमचा करार महिनाअखेर संपतो."

"या," मी म्हणालो. तिकडे 'हो' लिहितात 'जा' आणि म्हणतात 'या', पण त्या दिवशी मला लिहिलेलंच ऐकू आलं, तेही मराठीत.

"पुढच्या शुक्रवारी मी खानावळीत येईन. त्या गृहस्थांना खेळताना बघेन. खेळ संपला पाहिजे, आणि संपल्यावर त्यांनी मशीनला दोष देता कामा नये. मी त्यांना एकच प्रश्न विचारणार. उत्तर बरोबर आलं तर खेळ निघेल आणि करार वाढेल. नाही आलं तर खेळ बंद, आणि मला वाईट वाटेल."

माझा राहण्याचा परवाना त्या नोकरीला चिकटलेला. नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की आम्ही गेलो. सुलभानं त्याच आठवड्यात बैठकीच्या खोलीला पडदे शिवले होते. मी घरी येऊन सांगितलं. ती खुर्चीवर चढून शेवटचा पडदा अडकवत होती.

"अहो, मग आता काय करणार?" ती वरूनच म्हणाली.

"मारणार," मी म्हणालो. "दीड मिनिटात."

"आणि तरी मी हे लावू ना?"

"लाव."

मी पुण्यात करायचो तेच केलं. चंदूशेठच्या शाळेतला सोपा उपाय. पाहुणा हात आडवा धरतो, तरी त्याला तीन सेकंदांत वाढलं नाही तर तो ताडकन उठतो. संपलं! शनिवारी मशीनमध्ये नवी प्रत घातली. वीझिंगर दोन वाजता आले. दोन वाजून एक मिनिट चाळीस सेकंदांनी मेले. मी वर्तमानपत्राआड मुठी आवळल्या.

वीझिंगर परत खेळले. परत मेले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला, काउंटरवर टेकवला आणि सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली. एक: पाहुणा नको म्हणाला. दोन: मी त्याचा मान ठेवला. तीन: तो रागावून गेला. चार: म्हणजे पाहुणा खोटारडा आहे किंवा मशीन. कागद त्यांनी सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"मला कशाला देताय?" मी म्हणालो.

"कारण तुम्ही पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्राचं एकच पान वाचताय."

अभिनय संपला. मी त्यांना बसायला सांगितलं. हे गृहस्थ चाळीस वर्षं त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात रंग तपासायचे. मुलीजवळ राहायला म्हणून इकडे आले होते. रंगात अडकलेला केस ते दहा पावलांवरून दाखवायचे, असं त्यांनी मला सांगितलं. मी ते वीस पावलं करून लोकांना सांगतो. मी म्हणालो, हेर वीझिंगर, तो पाहुणा खोटारडा नाही हो, आमच्याकडे असंच असतं. ते म्हणाले, कसं? मी समजावायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगताच येत नाहीये. पन्नास पंगती जेवलेला माणूस मी, पण नको म्हणजे नेमकं काय, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना रविवारी जेवायलाच बोलावलं.

सुलभाच्या माहेरी चिपळूणजवळ गणपतीला शंभर पानं उठायची, आणि तिचे वडील पंचक्रोशीत वाढपी म्हणून नावाजलेले. तिनं बेत केला मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि क्वार्कचं श्रीखंड. क्वार्क म्हणजे तिकडचा चक्काच, देवानं खास मराठी माणसासाठी जर्मनीत ठेवलेला. वीझिंगर टाय लावून आले. अगदी वेळेवर नाही. पाच मिनिटं आधी येऊन दाराबाहेर वेळ व्हायची वाट बघत उभे होते.

चार पुऱ्या खाल्ल्यावर त्यांनी ताटावर हात धरला. "नाइन, डांके." म्हणजे नको, आभारी आहे.

सुलभानं पाचवी सरळ वाढली.

ते दचकले. माझ्याकडे पाहिलं. पुरीकडे पाहिलं. खाल्ली. श्रीखंडाच्या वेळी परत हात, परत सुलभाची पळी. तेही खाल्लं, आणि चमचासुद्धा चाटला. तिसऱ्यांदा हात आला तेव्हा सुलभा थांबली आणि वाटी घेऊन सरळ आत गेली.

वीझिंगरांनी काट्यानं दाराकडे खूण केली. "आता का नाही वाढलं?"

मी हाक मारली, "अगं, ते विचारताहेत, आता का नाही वाढलंस?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "आता त्यांना खरंच नको होतं."

"पण हात तर तिन्ही वेळा सारखाच होता!" मी म्हणालो.

"हाताकडे कोण बघतं?" सुलभा म्हणाली. "पहिल्या नकोला हात वर आणि डोळे पुरीवर होते. दुसऱ्या वेळी हात खाली आला, पण कोपर सैल. तिसऱ्या वेळी माणूस पाठ मागे टेकवतो आणि नजर ताटातून काढून घेतो. बाबा म्हणायचे, त्यानंतर वाढलं तर तो मार. आणि त्याआधी नाही वाढलं तर तो अपमान. इतकं साधं आहे. अहो, तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही?"

मी जर्मनमध्ये सांगितलं. वीझिंगर खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "त्यांना परत एकदा वाढायला सांगा. मला माझ्या डोळ्यांकडे लक्ष द्यायचंय." माणसाचं कुतूहल काय असतं बघा! पोटाला तडस लागलेली, तरी प्रयोग म्हणून अजून दोन पुऱ्या. मग सुलभाला बसवून मी वाढलं आणि त्यांनी बघितलं. मग त्यांनी मला वाढलं, दोनदा चुकले, एकदा बरोबर. त्या दुपारी आमच्या घरी सत्तर पुऱ्या लागल्या. सुलभा म्हणते बावीस.

सोमवार ते गुरुवार मी पाहुण्यांचे डोळे काढले. बारा पाहुणे, प्रत्येकाला दोन नको. एकात हात आडवा, पण बुबुळं पळीमागे फिरतात, जेमतेम दोन ठिपके. दुसऱ्यात पाठ मागे आणि पापण्या खाली. पहिल्या नकोला वाढलं नाही तर पाहुणा उठतो. दुसऱ्याला वाढलं तरी उठतो. पाहुणा कधीच खोटं बोलत नाही. तो प्रत्येक वेळी खरं सांगतो, फक्त हातानं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून कायमची गेली. तो पहिला खेळ, जिथे कुणीच उपाशी उठत नव्हतं आणि वाढपी निवांत उभा असायचा, तो मी एका चकतीवर ठेवला होता. आता तो कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नाही. मी आयुष्यात एकच असा खेळ बनवला ज्यात कुणी मरत नव्हतं, आणि तो चुकून. अधूनमधून वाटतं, फ्राउ हुबरला तोंड बंद करायला सांगून तोच बाजारात काढायला हवा होता.

शुक्रवारी दोन वाजता खानावळीत डॉक्टर केसलर चष्मा पुसत उभे होते. फ्राउ हुबर काउंटरवर कोपरं टेकवून, आयुष्यात पहिल्यांदा गप्प. वीझिंगरांना मी नव्या डोळ्यांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. परीक्षेआधी पेपर फोडणाऱ्यातला मी नाही, निदान त्या आठवड्यात नव्हतो.

त्यांनी नाणं टाकलं. पहिला हात आडवा आला आणि ते सवयीनं थांबले. पाहुणा उठला. केसलरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वीझिंगर पडद्याजवळ वाकले. नाक काचेला लागेल इतके. पुढच्या हाताला त्यांनी वाढलं. पाहुणा हसला. पुढच्याला वाढलं. पुढच्याच्या पापण्या खाली होत्या. त्याला सोडून दिलं. मग त्यांचा वेग वाढला, वाढपी पळायला लागला, टेबलाच्या या टोकाला हात, त्या टोकाला हात, वीझिंगरांचं कपाळ लाल झालं, टाय दांडीत अडकला, तो त्यांनी खांद्यावर टाकला. कडेचा एक पाहुणा उठला. आता आणखी एक उठला की संपलं. सातव्या जागेवरच्या मिशीवाल्यानं हात आडवा धरला. वीझिंगर तिथे होते, पळी भरलेली होती, आणि ते त्याच्यासमोरून पुढे निघून गेले. मिशीवाला उठला. संगीत थांबलं.

वीझिंगर दांडी तशीच धरून पडद्याकडे बघत राहिले.

डॉक्टर केसलर पुढे झाले. "हेर वीझिंगर, एकच प्रश्न. चूक मशीनची होती?"

"नाही," वीझिंगर म्हणाले. "त्याला हवं होतं. मी बघितलं नाही."